नाच तोच, खोली वेगळी: बेली डान्सचा वर्ग आणि आपली लावणी

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत येऊन बसलेल्या काकांनो, आजच्या विषयाचं पत्रक पाहून दोघीतिघींनी फोन करून विचारलं, की बेली डान्स हा काय व्याख्यानाचा विषय झाला का? आम्ही म्हटलं, या तर खरं, मग ठरवा. हा विषय कुठून निघाला ते आधी सांगतो.

आमच्या अभ्यासगटातल्या एका ताईंची मुलगी लग्नानंतर इंग्लंडला गेली. माहेर चिखलीचं. आता राहते ती दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनच्या पुढच्या एका लहान गावात. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची रीघ असते. हिवाळ्यात चार वाजताच अंधारतं, समुद्रावरून बोचरं वारं येतं आणि गाव रिकामं होतं. नवरा कामावर, ही घरात. एक दिवस तिने दुकानाच्या काचेवर लावलेली चिठ्ठी वाचली: दर मंगळवारी संध्याकाळी, चर्चच्या सभागृहात बेली डान्सचा वर्ग, नवशिक्यांनीही यावं. ती गेली. दोन महिन्यांनी तिने आईला व्हिडिओ पाठवला. पंधराएक बाया, पंचविशीपासून सत्तरीपर्यंतच्या. पाय अनवाणी, अंगात साधे कपडे, कमरेला नाण्यांची झालर लावलेला रुमाल, आणि सगळ्या मिळून कंबर हलवताहेत.

ताईंनी तो बघितला आणि लगेच फोन लावला, "मायबाई, हे त पिक्चरमधल्या हेलनचं नाचणं झालं न वं! हे काहून शिका लागते तुले?" मुलगी हसली. म्हणाली, "आई, तू भुलाबाईत नाचायचीस ना, तसंच समज." ताई गप्प बसल्या, पण त्यांचं समाधान काही झालं नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी प्रश्न आमच्यापुढे ठेवला. हा नाच नेमका आहे तरी काय? आणि चांगल्या घरच्या बाईने तो शिकावा का?

प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर माहितीचं आहे, ते आधी घेऊ. दुसऱ्यात 'चांगल्या घरची' असा शब्द आहे. त्या एका शब्दाने आम्हाला बरंच फिरवलं आणि शेवटी आमच्याच दारात आणून उभं केलं.

तर वर्गात काय शिकवतात? पाहणाऱ्याला वाटतं, पोट हलवायला शिकवतात. तसं नाही. शरीराचा एक भाग हलवायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, हा या नाचाचा पाया. कंबर डावीकडे गेली तरी छाती जागेवर राहिली पाहिजे. खांदे गोल फिरले तरी कंबर थांबली पाहिजे. आपण चालतो, वाकतो, भाकरी थापतो, तेव्हा सगळं शरीर एकदम चालतं. त्याला सुटं सुटं चालायला शिकवणं फार अवघड जातं. पहिले तीन-चार आठवडे बाया आरशात बघून नुसत्या हसतात, कारण कंबर सांगितलेलं ऐकत नाही.

उभं राहण्याची रीत ठरलेली असते. पाय जवळ, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ पण ताठ नाही. गुडघा ताठ ठेवला की सगळा भार कमरेच्या मणक्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते. मग मूळ हालचाली. कंबर एका बाजूने उचलून खाली सोडणं, कमरेने इंग्रजी आठचा आकडा काढणं, पोटाची लाट वरून खाली नेणं, आणि कंप. हा कंप गुडघ्यांच्या भरभर मागेपुढे होण्यातून येतो. दिसतो मात्र कमरेत. तो नाण्यांचा रुमाल नुसता सजावटीला नसतो. हालचाल बरोबर झाली की नाणी एका ठेक्यात वाजतात, चुकली की नुसता गलका होतो. म्हणजे आपले घुंगरू जे काम पायात करतात, ते तो रुमाल कमरेत करतो.

ठेका धरायला दरबुका नावाचं वाद्य असतं. सुरईच्या आकाराचं, एकाच तोंडाला कातडं. मधोमध वाजवलं की 'दुम', काठावर वाजवलं की 'तक'. मकसूम नावाचा त्यांचा एक नेहमीचा ठेका आहे: दुम-तक, तक-दुम, तक. तो मोजून बघा, आठात बसतो. आपली लावणी ज्या धुमाळीवर नाचतात तीही आठ मात्रांची. ताल एकच आहे असं आम्ही म्हणत नाही, वजनं वेगळी पडतात. पण ढोलकीची डावी बाजू घुमताना ऐकत वाढलेल्या बाईला हा 'दुम' परका वाटत नाही. चिखलीच्या मुलीला वर्गात ठेका सगळ्यांत लवकर सापडला, तो उगीच नव्हे.

आता हा नाच आला कुठून? 'बेली डान्स' हे नाव त्या नाचाने स्वतःला दिलेलं नाही. फ्रेंच लोकांनी त्याला 'पोटाचा नाच' म्हटलं, इंग्रजीने ते उचललं. इजिप्तमध्ये त्याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरगुती, गावाकडच्या ढंगाच्या नाचाला रक्स बलदी म्हणतात. बलदी म्हणजे आपल्या मुलखातला, देशी. आपण 'गावठी' हा शब्द कधी कौतुकाने वापरतो, कधी नाक मुरडून, तसंच त्या शब्दाचंही आहे. लग्नात, मेंदीच्या रात्री, बायकाबायकांत हा नाच घरोघरी चालतो. त्यात आजी नाचते, नात नाचते, आणि कुणी कुणाला वाईट म्हणत नाही.

याच नाचावर पोट भरणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात कैरोत दोन वर्ग होते. एक अवालिम, म्हणजे जाणकार बायका. त्या गात, त्यांना कविता येत, मोठ्या घरांच्या जनानखान्यात त्यांना मान होता. दुसऱ्या गवाझी. त्या रस्त्यावर, जत्रेत, अंगणात, पुरुषांसमोर नाचत. १८३४ साली मुहम्मद अली या इजिप्तच्या राज्यकर्त्याने बाजारात नाचणाऱ्या बायकांना कैरोत बंदी केली आणि त्यांना दूर दक्षिणेला, केना, एस्ना, अस्वान अशा गावांना धाडलं. नाच थांबला का? नाही. कैरोत स्त्रीवेशातले पुरुष नाचू लागले. आणि ज्या नाचणाऱ्या हद्दपार झाल्या, त्यांना पाहायला युरोपातले प्रवासी नाईल नदीतून एस्नापर्यंत जाऊ लागले. फ्लोबेर हा प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार १८५० मध्ये तिथे गेला आणि त्याने तिथल्या एका नर्तकीबद्दल पानंच्या पानं लिहून ठेवली.

पुढचा टप्पा १८९३, शिकागो. हे साल आपल्याला पाठ आहे, स्वामी विवेकानंदांमुळे. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती सर्वधर्मपरिषद भरली होती, त्याच प्रदर्शनात 'कैरोचा रस्ता' नावाचा देखावा उभारला होता आणि तिथे हा नाच तिकीट लावून दाखवत. अमेरिकेत बोभाटा झाला, वर्तमानपत्रांनी शिव्या घातल्या, आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढली. मग १९२६ मध्ये बदिया मसाबनी या बाईंनी कैरोत स्वतःचं नाट्यगृह काढलं. त्या स्वतः नर्तकी होत्या आणि चोख धंदा जाणत होत्या. अंगणातला, एका जागी उभं राहून नाचायचा नाच त्यांनी रंगमंचावर फिरता केला, हातांच्या हालचाली वाढवल्या, वाद्यवृंद मोठा केला. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या इजिप्तच्या सिनेमातल्या मोठ्या नर्तिका तिथूनच पुढे आल्या. टिकल्यामण्यांचा दोन तुकड्यांचा पोशाखही त्याच काळात रुळला. हेलनच्या अंगावर आपण पाहिला तो त्याचाच दूरचा नातेवाईक.

आणि १९७० नंतर अमेरिकेत, मग इंग्लंडात, नोकरदार आणि घरसंसार सांभाळणाऱ्या बायका हा नाच हौसेने शिकू लागल्या. स्त्रियांची चळवळ जोरात होती. आपलं शरीर दुसऱ्याने बघण्यासाठीच आहे असं नाही, ते आपल्यासाठीही आहे, असं बायका म्हणू लागल्या होत्या. या नाचाला वयाची अट नाही, बारीक अंग लागत नाही, जोडीदार लागत नाही. तिथून तो चर्चच्या सभागृहात पोचला.

आता ही साखळी नीट बघा. आधी गरीब बाई तो नाच पोटासाठी नाचते. तिला वाईट ठरवून हाकललं जातं. मग तोच नाच मोठ्या रंगमंचावर, सिनेमात जातो आणि तिकीट लावून चालतो. आणि शेवटी चांगल्या घरच्या बायका फी भरून त्याचा वर्ग लावतात. कमरेची हालचाल तीच राहिली. खोली बदलली, आणि पैसे कोण कुणाला देतं ते बदललं. नाचणाऱ्या बाईला बघणारा पैसे देतो, तेव्हा ती वाईट. नाचणारी बाईच पैसे भरून नाचते, तेव्हा ती हौशी.

हे बोलून झाल्यावर आमच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "अहो, ही तर आपल्या लावणीचीच गोष्ट झाली." मग आम्ही घराकडे वळलो.

लावणी म्हटलं की पेशवाईतले होनाजी बाळा, राम जोशी, परशराम, प्रभाकर ही नावं आपण अभिमानाने घेतो. शाळेच्या पुस्तकात ती असतात. लावणी रचणारा शाहीर आपला, आणि ती नाचणारी? तिचं नाव घेताना आपण अडखळतो. १९४८ साली त्या वेळच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. अश्लील आहे म्हणून. पुढे वग तपासून, अटी घालून परवानगी मिळू लागली. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. आपण मध्य प्रांत-वऱ्हाडात होतो आणि १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबईत आलो. पण कायदा इथला नसला म्हणून नजर काही वेगळी नव्हती. देऊळगाव राजाच्या यात्रेला जाऊ, पण तमाशाच्या तंबूकडे बायकांनी बघायचं नाही, हे आमच्यातल्या प्रत्येकीने लहानपणी ऐकलंय.

दरम्यान सिनेमाने लावणी उचलली. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. १९७२ मध्ये 'पिंजरा' आला. मग लावणीचे नाट्यगृहातले कार्यक्रम आले आणि त्यांचे खास महिलांसाठी प्रयोग होऊ लागले. २०१० मध्ये 'नटरंग' आला आणि त्यानंतर शाळेचं स्नेहसंमेलन असो, की लग्नातलं संगीत, की महिला दिनाचा मेळावा, लावणीशिवाय कार्यक्रम पुरा होईना. आज खामगावात, मलकापुरात, बुलढाण्यात नऊवारी भाड्याने मिळते, मुली मोबाईलवर बघून लावणी बसवतात, बक्षिसं घेतात. आयांना त्याचं कौतुक वाटतं. वाटायलाच पाहिजे.

पण ही लावणी ज्यांनी जपली त्या कुठे आहेत? संगीत बारी कशाला म्हणतात, ते आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? कला केंद्र म्हणून थिएटर असतं. तिथे बायकांच्या पार्ट्या राहतात. प्रत्येक पार्टीत नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका, सोबत ढोलकी, तबला, पेटी वाजवणारे. एकेका पार्टीने पाळीपाळीने मंचावर यायचं, म्हणून ती बारी. त्यानंतर खासगी बैठक. बैठकीची लावणी बसून गातात आणि अदा करतात; पायापेक्षा तिथे डोळा, भुवई, बोटं आणि पदर बोलतो. एकच ओळ पाच-सहा वेळा घ्यायची आणि दर वेळी तिचा वेगळा अर्थ काढून दाखवायचा. ही विद्या आहे, आणि ती वर्षानुवर्षं आईकडून, मावशीकडून घ्यावी लागते. वाईच्या यमुनाबाई वाईकर या विद्येतल्या थोर बाई. १९७७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २०१८ मध्ये त्या गेल्या.

यमुनाबाई कोल्हाटी समाजातल्या. या समाजात जी मुलगी नाचायला उभी राहते ती रूढीप्रमाणे लग्न करत नाही, आणि तिच्या कमाईवर भावांचे संसार चालतात. हे सगळं आतून वाचायचं असेल, तर डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचा, १९९४ चं. नावातच बघा, बापाच्या जागी आईचं नाव आहे. ते वाचल्यावर आपल्या कार्यक्रमातल्या शिट्ट्या आणि टाळ्या वेगळ्या ऐकू येतात.

खोली बदलली की कायदाही कसा बदलतो, याचं एक जवळचं उदाहरण देतो. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्सबारमधल्या नाचावर बंदी आणली. पण त्याच दुरुस्तीत तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे साध्या बारमध्ये नाचली तर समाज बिघडतो आणि मोठ्या हॉटेलात नाचली तर नाही. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कैरोत १८३४ मध्ये जे झालं, त्याच्याशी हे ताडून बघा.

आता आमच्या दारातली गोष्ट. सांगायला संकोच वाटतो, पण ती गाळून हे व्याख्यान देणं खोटं होईल.

चिखलीच्या ताईंच्या मुलीचा व्हिडिओ बघून आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, तिकडच्या बाया मंगळवारी जाऊन नाचतात, मग आपण का नाही? आपली लावणीच शिकू या. सहा दिवसांचं शिबिर ठरलं. बावीसजणींनी नावं दिली. एकीच्या सासूबाईंनी विचारलंच, "या वयात काहून नाचा लागते वं बाई?" तरी ती आली. शिकवायला आधी एका मोठ्या शहरातल्या नृत्यदिग्दर्शक मुलाला विचारलं. त्याने आकडा सांगितला, आम्ही मान डोलावली. त्याला तारखा जमल्या नाहीत. मग ओळखीतून कळलं, की कला केंद्रात तीस वर्षं काढलेल्या एक बाई शिकवायला तयार आहेत. आम्ही त्यांना काय म्हटलं असेल? "प्रवासखर्च देऊ आणि साडीचोळी करू." त्या मुलाशी आम्ही घासाघीस केली नव्हती. मानधनाचा आकडा तोंडातून निघाला नाही तो ज्यांची ती विद्या होती त्यांच्यासाठी.

एवढ्यावर थांबलो नाही. पत्रकावर त्यांचं नाव छापलं, पुढे 'नृत्य प्रशिक्षिका' एवढंच घातलं. कला केंद्राचा उल्लेख मुद्दाम टाळला, घरची माणसं बायांना पाठवणार नाहीत म्हणून. तरी ते कळायचं तिथे कळलंच. जे सभागृह ठरलं होतं तिथून निरोप आला, तारीख दुसऱ्या कार्यक्रमाला दिलीय. शिबिर शेवटी एकीच्या घराच्या गच्चीवर झालं.

पहिल्या दिवशी बाईंनी पत्रक हातात घेतलं, वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. शिकवताना काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चहा घेताना शांतपणे म्हणाल्या, "ताई, लपवायचं होतं तर बोलावलं कशाला?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

या प्रश्नाला तोंड देताना आम्हाला आपल्याच गावची एक बाई आठवली. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत आहेत की नाहीत ते आधी तपासा. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. तीच तुलना आज नाचाला लावून बघा. नाचणारी आणि बघणारा, दोघं एकाच खोलीत असतात. बदनामी एकटीच्याच घरी कशी जाते? आणि आता तिसरी बाजू आपली. बघणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या खोलीतून कला तेवढी उचलून आणायची आणि बाईला दाराबाहेर ठेवायचं, हे काम आपण बायकांनीच केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवं पत्रक काढलं. त्यात त्यांचं नाव, त्यांच्या गुरूचं म्हणजे त्यांच्या मावशीचं नाव, आणि केंद्राचं नाव घातलं. मानधन त्या मुलाला कबूल केलं होतं तेवढं दिलं. दोघीजणी यायच्या बंद झाल्या. वीस राहिल्या.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी त्या सहा दिवसांत कळलेलं थोडं कामाचं सांगतो. लावणीत टाचेचा ठोका असतो. सिमेंटच्या गच्चीवर किंवा फरशीवर तो रोज मारला तर गुडघे आणि टाचा दुखतात; खाली जाड सतरंजी घाला, नाहीतर लाकडी मंच बघा. गुडघ्याचं, मणक्याचं दुखणं असेल, बाळंतपण नुकतं झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्याच दिवशी पायभर घुंगरू बांधू नका. घुंगरू जड असतात आणि चुकीचा पाय पडला की घोटा दुखावतो. आधी नुसता ठेका पायात बसवायचा, बोलत बोलत, टाळीवर. नऊवारीचा काष्टा घट्ट हवा, पण मांडीत अडकता कामा नये; नेसायला शिकणं हा शिक्षणाचाच भाग आहे. आणि नजर. बाईंनी सगळ्यांत जास्त वेळ नजरेवर घालवला. आमच्यातल्या निम्म्याजणींना समोर सरळ बघताच येईना, मान आपोआप खाली जायची. चाळीस वर्षांची सवय आहे ती. बेली डान्सच्या वर्गात कंबर सुटी करायला शिकवतात, आमच्या गच्चीवर मान वर करायला शिकवलं.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. चांगल्या घरच्या बाईने शिकावं का? आमचं उत्तर, शिकावं. इंग्लंडात असाल तर बेली डान्स शिका, बुलढाण्यात असाल तर लावणी शिका. पण शिकताना तीन गोष्टी पाळा. ती कला जिच्या घरात वाढली तिच्याकडून शिकायला मिळत असेल तर तिच्याकडून शिका, आणि पैसे पूर्ण द्या. साडीचोळी वरून करा, पैशांच्या बदली नको. मंचावर चढलात की तिचं नाव घ्या, जसं गाणाऱ्या बाई आपल्या गुरूचं नाव घेतात. आणि तिसरी गोष्ट घरात पाळायची आहे. भांडणात 'नाचणारी' हा शब्द शिवी म्हणून तोंडात येतो, तो थांबवा. शनिवारी आपण नाचून बक्षीस घ्यायचं आणि सोमवारी तोच शब्द शेजारणीला हाणायचा, हे जमणार नाही.

ताईंनी मागच्या आठवड्यात मुलीला फोनवर एवढंच विचारलं, की तुमची शिकवणारी बाई कुणाकडून शिकली? मुलीला माहीत नव्हतं. तिने पुढच्या मंगळवारी वर्गात विचारलं. बाई थांबल्या, त्यांना बरं वाटलं, आणि वर्ग संपल्यावर अर्धा तास त्या कैरोतल्या आपल्या गुरूबद्दल बोलत बसल्या. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाल्या.

आमचं शिबिर पुन्हा होणार आहे. सभागृहाचा शोध चालू आहे. कुणाच्या ओळखीचं असेल तर सांगा, पण शिकवायला कोण येणार हे आधीच स्पष्ट सांगून मगच तारीख घ्यायची, असं आम्ही ठरवलंय. आता तुमचे प्रश्न घेऊ. काका, तुमचा हात मघापासून वर आहे, तुम्हीच सुरुवात करा.